क्रीडासाहित्य व्यवसायातला नेतृत्व पुरस्कार: गोव्यातून अर्ज कसा भरायचा

क्रीडासाहित्याच्या धंद्यातल्या कर्त्या माणसांना व्यापारी संघटना, निर्यात परिषदा, व्यापार मेळ्यांचे आयोजक आणि उद्योगविषयक मासिकं पुरस्कार देतात. गोव्यातूनही अर्ज जातात. पण माझ्याकडे तपासायला येणाऱ्या अर्जांत तीच गडबड पुन्हा पुन्हा दिसते. आधी चार पानी स्तुतिलेख तयार होतो, मग त्याला शोभतील असे पुरावे शोधायची धावाधाव सुरू होते आणि शेवटच्या रात्री हाताला लागेल ते स्कॅन करून जोडलं जातं. क्रम नेमका उलटा हवा. आधी कागद, मग आकडे, मग शिफारसपत्रं आणि सगळ्यात शेवटी लिखाण.

हे टप्पे म्हापशातल्या दुकानदाराला, कुंडई किंवा तुये औद्योगिक वसाहतीत जाळी-जर्सी बनवणाऱ्याला आणि कोर्ट-मैदानं उभारून देणाऱ्या कंत्राटदाराला सारखेच लागू पडतात. प्रत्येक पुरस्काराची नियमावली वेगळी असते. ती छापून टेबलावर ठेवा आणि मग पुढे वाचा.

टप्पा १: पुरस्कार खरा आहे का, आणि आपल्यासाठी आहे का

"अभिनंदन, आपली निवड झाली आहे" असा फोन अर्ज न करताच आला, तर तो पुरस्कार नसून विक्री आहे. पुढच्या दोन वाक्यांत समारंभाच्या टेबलाचे, ट्रॉफीचे किंवा मासिकातल्या पानाचे पैसे मागितले जातात. अर्जाचं शुल्क घेणं गैर नाही, बऱ्याच चांगल्या संघटनाही घेतात. जिंकण्याचं शुल्क मात्र कुणी घेत नाही. परीक्षक कोण, निकष कोणते, गेल्या वर्षी कुणाला मिळाला, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं मागा. एकाचंही मिळालं नाही तर विषय तिथेच सोडा.

दुसरी गफलत सरकारी पुरस्कार आणि उद्योग पुरस्कार एकत्र समजण्याची. राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कार २००९पासून केंद्राचं क्रीडा मंत्रालय देतं. तो खेळाडू घडवणाऱ्या, त्यांना नोकऱ्या देणाऱ्या किंवा खेळासाठी पैसा खर्च करणाऱ्या संस्थांसाठी आहे. बॅटी आणि चेंडू चांगले विकले म्हणून तो मिळत नाही. तसंच निर्यात परिषदेचे पुरस्कार निर्यातीच्या कामगिरीवर ठरतात. ज्याचा सगळा माल गोव्यातच, पेडणे ते काणकोण एवढ्यातच खपतो, त्याने तिथे वेळ घालवू नये.

*तपासा:* नियमावलीत 'क्रीडासाहित्य' म्हणजे काय ते लिहिलंय का? गोव्यातल्या पुष्कळ दुकानांची निम्मी कमाई जर्सी छपाई आणि बुटांवर असते. काही पुरस्कार कपडे आणि पादत्राणं धरतात, काही धरत नाहीत. हे आताच कळलं तर बरं, नाहीतर टप्पा ५मध्ये सगळे आकडे पुन्हा करावे लागतील.

टप्पा २: नाव कुणाचं द्यायचं

हा टप्पा घरात वाद लावतो म्हणून लोक टाळतात.

नेतृत्व पुरस्कार माणसाला मिळतो, दुकानाला नाही. आपल्याकडे धंदा बहुधा घरचा. बोर्डावर आजोबांचं नाव, परवाना वडिलांच्या नावावर, आणि गेली दहा वर्षं प्रत्यक्ष खरेदी-विक्री मुलगा किंवा सून बघते. मग मान म्हणून अर्ज वडिलांच्या नावाने भरला जातो आणि त्यातली सगळी कामं सुनेने केलेली असतात. परीक्षकांनी फोन करून "ही योजना तुम्हाला कशी सुचली?" असं विचारलं, की वडील प्रांजळपणे "ते सूनबाईला विचारा" म्हणतात. अर्ज तिथेच संपतो.

जीवनगौरव विभाग असेल तर वडिलांचं नाव तिथे द्या, ती त्यांचीच जागा आहे. चालू कामगिरीच्या विभागात निर्णय घेणाऱ्याचंच नाव हवं. त्या व्यक्तीचा कागदोपत्री अधिकारही दिसला पाहिजे: भागीदारी करारात नाव, संचालकपद किंवा निदान मालकाने सही केलेलं अधिकारपत्र. सून दुकान चालवते पण एकाही कागदावर तिचं नाव नाही, ही गोष्ट पुरस्कारापुरती नाही, तशीही दुरुस्त करायला हवी.

टप्पा ३: विभाग आणि कालावधी पक्का करा

बहुतेक अर्जांत एक किंवा तीन आर्थिक वर्षांची कामगिरी मागतात, म्हणजे एप्रिल ते मार्च. कॅलेंडर वर्ष धरून आकडे दिले की ताळेबंदाशी जुळत नाहीत.

लघुउद्योगांसाठी वेगळा विभाग असेल तर उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) काढून पाहा. १ एप्रिल २०२५पासून मर्यादा बदलल्या आहेत. यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर सूक्ष्म. पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंत लघु. जुन्या मर्यादेवर विसंबून चुकीच्या विभागात अर्ज करणारे अजून भेटतात.

मुदतीची तारीख दिसताच दिनदर्शिका उघडा. ती चतुर्थीच्या आगेमागे असेल तर गोव्यात आठवडाभर ना सीए भेटेल, ना शाळेचे मुख्याध्यापक, ना क्लबचा सचिव. आपली मुदत चतुर्थीच्या आधीची धरून चाला. एरवी साधारण आठ आठवडे हाताशी असावेत, त्यातले निम्मे कागद आणि पत्रं जमवण्यातच जातात.

टप्पा ४: कागदांची फाईल

लागणारे कागद साधे आहेत: जीएसटी नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र, पंचायत किंवा पालिकेचा व्यापार परवाना, दुकान व आस्थापना नोंदणी, भागीदारी करार किंवा कंपनीचे कागद, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि विवरणपत्रं. कारखाना असेल तर वसाहतीतल्या भूखंडाचा करार आणि गुणवत्ता चाचण्यांचे अहवाल.

अडचण कागद नसण्याची नसते, नाव न जुळण्याची असते. परवान्यावर 'स्पोर्ट्स कॉर्नर', जीएसटीवर मालकाचं नाव, बँकेत तिसरंच काहीतरी. मग ही सगळी नावं एकाच धंद्याची आहेत असं सीएच्या लेटरहेडवर एका परिच्छेदात लिहून घ्या आणि ते पान फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. मुक्तीपूर्व काळापासून चालत आलेल्या दुकानांकडे पोर्तुगीज कागद असतात. स्थापनेचं वर्ष सिद्ध करायला ते उपयोगी पडतात, पण भाषांतर जोडल्याशिवाय परीक्षक ते वाचणार नाहीत. मराठी-कोंकणी पत्रांचंही तेच. मूळ प्रत आणि भाषांतर, दोन्ही लागोपाठ लावा.

टप्पा ५: आकडे जुळवा

इथे घाई नको. आकडा एकदा चुकला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

पहिली गोष्ट, उलाढाल जीएसटी वगळून द्या. २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक क्रीडासाहित्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, व्यायामाची यंत्रं मात्र १८ टक्क्यांवरच राहिली. म्हणजे शंभर रुपयांचा तोच माल आधी ११२ला जायचा, आता १०५ला जातो. करासकट आकडे दिले तर २०२५-२६चं वर्ष उगाच पडलेलं दिसेल. काही जण गल्ल्यावर जमा झालेला आकडा तसाच उचलून देतात, त्यांची ही चूक हमखास होते.

दुसरी गोष्ट खास गोव्याची. ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३मध्ये गोव्यात झाल्या. त्या निमित्ताने ज्यांनी माल पुरवला, कोर्टं आखली किंवा कपडे छापले, त्यांचं २०२३-२४ फुगलेलं आहे आणि २०२४-२५ साहजिकच खाली आलं आहे. हे लपवायला जाऊ नका. दिल्ली-मुंबईतल्या परीक्षकाला त्या स्पर्धा गोव्यात झाल्याचं आठवेलच असं नाही, त्याला नुसती घसरण दिसेल. एका ओळीत सांगा: या वर्षातली अमुक रक्कम स्पर्धेच्या एकवेळच्या पुरवठ्याची, ती वगळून नेहमीचा धंदा एवढा. असा वेगळा काढलेला आकडा अर्जाचं वजन वाढवतो, कारण धंद्याचा हिशेब मालकाला कळतो हे त्यातून दिसतं.

तिसरी गोष्ट, उलाढालीचे भाग पाडा. साहित्य, कपडे, बूट, आणि सेवा, म्हणजे रॅकेटचं गटिंग (तारा ओवणं), दुरुस्ती, जाळी बसवणं, कोर्ट आखणं. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या वर्गवारीचे क्रमांक) नीट भरलेले असतील तर हे तासाभराचं काम आहे. चेंडू, रॅकेट, जाळी आणि व्यायामाची यंत्रं ९५०६ या शीर्षकाखाली येतात. कॅरम-बुद्धिबळ ९५०४मध्ये जातं. कपडे आणि बूट तर वेगळ्याच प्रकरणांत. कोड अंदाजाने टाकलेले असतील तर तयारी ठेवा, बिलं एक-एक करून बघावी लागतील.

*तपासा:* अर्जातला उलाढालीचा आकडा, ताळेबंदासोबतच्या नफा-तोटा पत्रकातला आकडा आणि जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्रातला आकडा, तिन्ही एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. फरक असेल तर त्याचं कारण सीएकडून लेखी घ्या. "साधारण तेवढंच आहे" हे उत्तर नव्हे.

टप्पा ६: दावे गाळा

आता नियमावलीतला प्रत्येक निकष घ्या आणि त्यापुढे आपला दावा व त्याचा पुरावा लिहा. पुरावा नसलेला दावा खोडा. कितीही खरा असला तरी खोडा.

चार दावे मला जवळजवळ प्रत्येक अर्जात भेटतात आणि चारही धोक्याचे आहेत.

'फिफामान्य चेंडूंचे विक्रेते'. फिफाची गुणवत्ता खूण ठरावीक उत्पादनाला मिळते, ती घेणारा ब्रँड किंवा उत्पादक असतो. दुकानाला ती कधीच मिळत नाही. परीक्षक याच धंद्यातले असतात, त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा आधी कळतं. लिहायचंच तर असं लिहा: अमुक क्लबांना अमुक खूण असलेले पाच नंबरचे चेंडू पुरवले, बिलं जोडली आहेत. तुम्ही स्वतः माल तपासून घेत असाल तर ते जास्त मोलाचं आहे. नियमाप्रमाणे पाच नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम हवं. आलेल्या खोक्यातले चार चेंडू काढून काट्यावर ठेवण्याची वही तुमच्याकडे असेल, तर तिच्या दोन पानांचे फोटो जोडा.

'सीएसआर उपक्रम'. कंपनी कायद्यातलं सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतल्या एका तरी मर्यादेवर पोचलेल्या कंपन्यांना लागू होतं. सत्तरी तालुक्यातल्या शाळेला दहा व्हॉलीबॉल दिले ती देणगी. तिला देणगीच म्हणा, त्यात कमीपणा नाही.

'राज्यातलं सर्वांत मोठं दुकान'. मोजलं कुणी?

'नैतिक खरेदी'. जालंधरच्या फुटबॉल शिलाईत लहान मुलं राबत असल्याचा प्रश्न गाजला आणि १९९८मध्ये तिथल्या उद्योगाने देखरेखीसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान उभं केलं. त्यामुळे या धंद्यातला परीक्षक हा शब्द वाचून सरळ पुरवठादाराचं नाव आणि कागद मागतो. जालंधर-मेरठच्या पुरवठादाराकडून बालकामगार नसल्याचं हमीपत्र किंवा तपासणी अहवाल आणवा. नाही मिळाला तर ती ओळ काढा.

टप्पा ७: शिफारसपत्रं

तीन पत्रं पुरे. वेगवेगळ्या बाजूंची हवीत: एक गिऱ्हाईक (शाळा, क्लब, पंचायत), एक पुरवठादार आणि एक धंद्यातलाच माणूस, शक्य असेल तर प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्ध्याने लिहिलेल्या चार ओळी आमदाराच्या दोन पानांपेक्षा भारी पडतात. आपल्याकडे आधी राजकीय पत्र आणायची सवय आहे. उद्योग पुरस्कारात त्याचा काही उपयोग होत नाही, उलट "यांच्याकडे दुसरं कुणी नव्हतं का?" असं वाटतं.

पत्र तुम्ही लिहून त्यांच्याकडे सहीला नेऊ नका. तीन पत्रांत 'अमुल्य योगदान' हा एकच शब्द एकाच ऱ्हस्व-दीर्घ चुकीसह आला की गोष्ट उघड होते. त्याऐवजी सहा ओळींची टिपणी द्या: पुरस्काराचं नाव, कालावधी, आणि "तुमच्या आठवणीतली एक घटना लिहा, तारखेसकट". पी.ई.च्या सरांना फोन करून एवढंच म्हणा, "सर, कौतुक नको, आंतरशालेय स्पर्धेच्या आदल्या दिवशी काय झालं होतं तेवढं लिहा." चांगलं पत्र येतं.

*सावधान:* सरकारी शाळा किंवा खात्यातल्या माणसाला लेटरहेडवर पत्र द्यायला वरिष्ठांची परवानगी लागू शकते. हे पहिल्या आठवड्यातच विचारा.

टप्पा ८: आता लिहा

फाईल तयार असेल तर लिखाण दोन बैठकांत होतं. शब्दमर्यादा पाळा. पाचशे म्हटलं की पाचशे.

परीक्षकाला गोवा म्हणजे किनारा एवढंच ठाऊक आहे असं धरून चाला. तुमची अडचण त्याला दिसत नाही. जूनपासून गोदामात हवा इतकी दमट होते की चामड्याच्या क्रिकेट चेंडूंवर पांढरी बुरशी चढते, कॅरमची प्लाय फुगते आणि किनाऱ्याजवळच्या जिममधल्या डंबेलना खारी हवा गंज आणते. ही अडचण सोडवायला तुम्ही काय केलं, ते तुमचं नेतृत्व. "गोवा छोटं राज्य असूनही" ही सुरुवात टाळा, ती सबब वाटते.

एका अर्जातलं असतं तसं वाक्य घ्या: "श्री. अमुक हे क्रीडाक्षेत्रातील अग्रगण्य नाव असून तळागाळातील खेळाडूंसाठी त्यांचे योगदान अमूल्य आहे." यातून काहीच कळत नाही. तेच काम असं लिहिता येईल (तपशील समजण्यासाठी रचलेला आहे):

"तालुक्यातल्या शाळा दर जूनला नवे फुटबॉल घेत, कारण व्हॉल्व्ह गळू लागला की चेंडू अडगळीत जाई. अमुक यांनी दुकानात दुरुस्तीचं टेबल सुरू केलं. हाताने शिवलेल्या चेंडूची दोन पॅनलमधली शिलाई उसवून ब्लॅडर (आतली हवेची पिशवी) बदलतात आणि पुन्हा शिवतात. शाळांच्या शिपायांना पंपाची सुई ओली करून घालायला शिकवलं, कारण कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते. नव्या चेंडूंची विक्री पहिल्या वर्षी घटली. दुसऱ्या वर्षी त्याच शाळांनी जाळी, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनचं साहित्य इथूनच घेतलं. बिलं: जोडपत्र ४."

यात विक्री घटल्याचं सांगितलंय, ते मुद्दाम. सगळंच वाढत गेलेलं दाखवणारा अर्ज धंद्यातल्या माणसाला खरा वाटत नाही. आणि एक तांत्रिक गोष्ट: उष्णतेने चिकटवलेल्या चेंडूचं ब्लॅडर असं बदलता येत नाही. 'सर्व प्रकारचे चेंडू दुरुस्त करतो' असं उत्साहात लिहिलं, तर परीक्षक नेमकं तेच पकडतील.

प्रत्येक परिच्छेदात तीन गोष्टी बघा: आधी काय होतं, या व्यक्तीने कोणता निर्णय घेतला, नंतर काय बदललं. 'आम्ही' कुठे आणि 'त्यांनी' कुठे हे स्पष्ट ठेवा, कारण पुरस्कार एकाला आहे. टेबलावर बसून शिवणाऱ्या कामगाराचं श्रेय मालकाच्या खात्यात टाकू नका. त्याचं नाव घ्या, त्याने मालक लहान होत नाही.

टप्पा ९: दाखल करणं

फोटो पाच-सहाच. पुष्पगुच्छ घेतानाचे नकोत, कामाचे हवेत. त्यांत अठरा वर्षांखालची मुलं दिसत असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छपाईत धूसर येतो, मूळ फाईल मागवा.

जोडपत्रांना क्रमांक द्या आणि मजकुरात तोच क्रमांक वापरा. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असं असावं. फाईलचा आकार मर्यादेत बसवताना ताळेबंदातले आकडे पुसट होत नाहीत ना, हे छापून बघा. परक्या माणसाकडून एकदा वाचून घ्या, ज्याला तुमच्या दुकानाचा पत्ताही माहीत नाही अशा.

*सावधान:* शेवटच्या दिवशी पोर्टल अडतं आणि पावसात वीज जाते. दोन दिवस आधी पाठवा, पोचपावतीचा क्रमांक आणि शुल्काचं जीएसटी बिल जपून ठेवा.

टप्पा १०: पाठवल्यानंतर

अंतिम यादीत आलात तर फोन येतो, कधी परीक्षक भेटीलाही येतात. शिफारस देणाऱ्यांना आधीच कल्पना द्या, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून ते फोन उचलणारच नाहीत. मुलाखतीत दोन प्रश्न विचारले जाण्याची शक्यता धरा: कोणता निर्णय तोट्यात गेला, आणि तुमच्यानंतर हा धंदा कोण बघणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरात ठरलेलं नसेल तर तसं सांगा. मुलाला शेजारी बसवून त्याच्याकडून हो वदवून घेण्याचा प्रकार करू नका.

मिळाला, तर नियमावली पुन्हा उघडा. पुरस्काराचं चिन्ह किती काळ आणि कुठे वापरायचं हे बहुधा तिथे लिहिलेलं असतं. बोर्डावर आणि बिलावर चिन्हासोबत वर्ष आणि विभाग लिहा. पाच वर्षांपूर्वीचा पुरस्कार वर्ष न लिहिता मिरवणं गिऱ्हाइकाची दिशाभूल आहे. आणि शाळा-खात्यांच्या निविदांमध्ये पुरस्काराचं प्रमाणपत्र पूर्वीच्या पुरवठ्याच्या अनुभवपत्राऐवजी लावू नका. निविदेत जो कागद मागितला आहे तोच लागतो, त्याच्या जागी दुसरा लावला तर निविदा छाननीतच बाहेर जाऊ शकते.